कुंदाताई आणि एकोणीस प्रश्न

कुंदाताई फोन उभ्यानं करायच्या. लखनौतल्या जानकीपुरमच्या आमच्या ऑफिसात सहा टेबलं, सहा फिरत्या खुर्च्या आणि सहा हेडफोन होते. बाकीच्या पाच मुली खुर्चीत मागे रेलून, पाय हलवत बोलायच्या आणि ही बासष्ट वर्षांची बाई खुर्ची मागे सारून, पदर खोचून टेबलाशी उभी. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "ताई, बसा ना. दिवसाला पंधरा-वीस फोन करायचेत, पाय दुखतील." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी चपला घालून कुणाच्या अंथरुणावर चढले होते.

"पेशंटसमोर बसत नसतात, पोरी."

"पण पेशंट कुठाय समोर? तो तिकडे चिनहटला बसलाय."

"त्याले मी दिसत नसन. मले तो दिसते ना," त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर लावला. मी आपल्या कामाला लागले.

आमचं काम काय होतं ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हृदय अशक्त झालेली माणसं दवाखान्यातून बरी होऊन घरी जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा दम लागून तिथंच येतात. कारणं साधीच असतात. लोणच्यातलं मीठ, संपलेली गोळी, पायावर चढलेली आणि कुणी न पाहिलेली सूज. अशा माणसांना घरी असताना दर आठवड्याला नर्सनं मोबाइलवर व्हिडिओ कॉल केला, अंगात पाणी साठलं की वाढणारं वजन विचारलं, पाय बघितले, डॉक्टरांना विचारून गोळी कमी-जास्त केली, तर त्यांची दवाखान्याची फेरी वाचते का, हे आम्हाला पाहायचं होतं. त्यासाठी माणसांचे दोन गट पाडले होते. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. पहिल्या गटाला व्हिडिओवरची नर्स. दुसऱ्या गटाला जे सगळ्यांना मिळतं तेच, म्हणजे घरी गेल्यावर काही नाही. मात्र दुसऱ्या गटाची तब्येत कशी चाललीय हे कळायला हवं, म्हणून त्यांना दर पंधरा दिवसांनी एक साधा फोन करून एकोणीस प्रश्न विचारायचे. विचारायचे, लिहून घ्यायचे, फोन ठेवायचा. सल्ला एका शब्दाचाही द्यायचा नाही. सल्ला दिला की दोन गटांतला फरकच पुसला जातो आणि अख्खा अभ्यास पाण्यात.

हा आराखडा माझा होता. वर नाव डॉ. सक्सेनांचं, ते आमचे मुख्य. पण रात्रंदिवस त्यात नाक खुपसून बसलेली मी. एकोणीस प्रश्नही माझेच. आज सकाळी वजन केलंत का? काल जेवणात वरून मीठ घेतलंत का? नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा राहतो का? झोपताना किती उशा लागतात? फोन करणाऱ्यांसाठी एक नियमांचा कागदही मी काढला होता: प्रश्न जसाच्या तसा वाचावा, उत्तर येईपर्यंत थांबावं, सल्ला देऊ नये, जीवावरचं काही वाटलं तर 'ताबडतोब दवाखान्यात जा' एवढंच सांगावं. मी सांगलीची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून लखनौला आले आणि या कामाला चिकटले. ज्या दिवसांबद्दल मी लिहितेय तेव्हा अभ्यासाचं तिसरं वर्ष चालू होतं आणि मी मनापासून दमले होते.

कुंदाताई वानखडे मूळच्या अमरावतीकडच्या. यजमान इथल्या एका सरकारी कारखान्यात लागले म्हणून लग्नानंतर आल्या आणि इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात मेडिसिन वॉर्डात एकतीस वर्षं नर्स होत्या; शेवटची अकरा वर्षं इन्चार्ज सिस्टर. यजमान गेले, निवृत्ती झाली, मुलगा निखिल बँकेत लागला, आणि घरात बसून भिंतींशी बोलायला नको म्हणून त्या आमच्याकडे आल्या. इतकी वर्षं इथं राहूनही त्यांची वऱ्हाडी गेली नव्हती, फक्त अधूनमधून हिंदी मिसळायची. निखिलशी त्या मराठीत बोलायच्या, तो हिंदीत उत्तर द्यायचा, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. माझ्या मुलीचंही तेच आहे, त्यामुळे मी कोणत्या तोंडानं बोलणार.

मुलाखतीला आल्या तेव्हा मी त्यांना प्रश्न विचारायचे, तर त्यांनीच मला विचारले. सगळा आराखडा शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या अर्ध्याइले नुसतं इचारायचं, द्याचं काही नाही?"

"हो. नाहीतर फरक कसा कळणार?"

"हाव, समजलं. अर्ध्या वाफ्याले पाणी द्याचं, अर्ध्याले नाही द्याचं, अन् मंग पाहाचं कोनता सुकते." थोडं थांबून म्हणाल्या, "वाफ्याले इचारा लागत नाही पण. ह्याइले इचारा लागन."

मला तेव्हा ते बोलणं म्हातारपणाचं वाटलं. हुशार बाई आहे, पण जुन्या वळणाची, असं मी मनात लिहून टाकलं आणि त्यांना दुसऱ्या गटाची यादी दिली. खरं तर दोन्ही गटांना एकाच माणसानं प्रश्न विचारायला हवे होते. हे आज कुठलाही पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. आमच्याकडे माणसं कमी होती. व्हिडिओवाल्यांचे प्रश्न त्या पाच मुली, म्हणजे नर्सच, विचारून घेतील, उरलेले कुंदाताई विचारतील, अशी मी सोय पाहिली. आळसाला सोय म्हणायची मला तेव्हा सवय लागली होती.

व्हिडिओ कॉलवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. पलीकडच्या टेबलाशी एखादी नर्स मोबाइल हलवून हलवून "अम्मा, कैमरा पैर पे कीजिए, पैर पे, अरे ये तो पंखा दिख रहा है" करायला लागली, की या हळूच म्हणायच्या, "उंटावरून शेळ्या हाका तुम्ही." पण चेष्टेला हद्द असायची. एकदा एका नर्सनं असाच पंखा बघता बघता एका म्हाताऱ्याचा चढलेला श्वास ऐकला, त्याला वेळेत दवाखान्यात पाठवलं आणि तो वाचला. त्या दिवशी कुंदाताईंनी तिच्यासाठी घरून शिरा करून आणला आणि मला ऐकवलं, "उंटावरून का होईना, शेळी घरी आली ना. मंग झालं."

त्यांचा स्वतःचा फोन कसा असायचा, ते सांगते. चिनहटला सरोजदेवी नावाच्या एक बाई होत्या. मुलगा तिथल्या एका कारखान्यात, सून दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला, आणि या दिवसभर एकट्या. दुसऱ्या गटातल्या. एकदा मी शेजारी उभं राहून दुसरा हेडफोन कानाला लावून ऐकत होते.

"कल खाने में ऊपर से नमक लिया था?" कुंदाताईंनी कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला.

"अरे नहीं बहिनजी, नमक तो हम छूते भी नहीं."

दुसरी कुणी असती तर 'नाही'वर खूण करून पुढे गेली असती. कुंदाताई उभ्या. पेन हातात, नजर समोरच्या भिंतीवर. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. सहा. सात. आठ.

"बस अचार में जितना होता है," पलीकडून आलं.

कुंदाताई गप्पच.

"और वो पापड़. एक ठो. दो ठो समझ लीजिए."

"जी," कुंदाताई म्हणाल्या, लिहिलं, आणि पुढचा प्रश्न वाचला. ना लोणचं सोडा म्हणाल्या, ना पापड. मी हेडफोन काढला आणि हसत सुटले. त्या हसल्या नाहीत.

"पेशंट पहिल्यांदा सांगते ते आपल्याले बरं वाटाव म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा सांगते ते त्याचं असते. आपण पहिल्यावरच फोन ठेवतो अन् म्हणतो, पेशंट खोटं बोलते."

दुपारचं जेवण आम्ही दोघी एकत्र करायचो. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी असायची. अमीनाबादला एक दुकानदार त्यांच्यासाठी ज्वारी मागवून ठेवायचा आणि त्या रिक्षा करून तेवढ्यासाठी तिथपर्यंत जायच्या. मी जेवता जेवता कुरकुरायचे. तेच तेच अर्ज, तीच तीच परवानगीची पत्रं, फोन न उचलणारी माणसं, सक्सेना सरांचे दिवसातून दहा निरोप. एकदा मी म्हणाले, "ताई, थकले हो मी." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "थकली का कंटाळली? थकली असशीन तं झोप. कंटाळली असशीन तं यादीतल्या एखाद्याच्या घरी जाऊन ये." मी गेले नाही. झोपलेही नाही. चिडचिड करत राहिले, जे दोन्हींपेक्षा सोपं होतं.

मग निकालाची पहिली फाइल आली. दोन वर्षांची माहिती एकत्र करून किती माणसं दवाखान्यात परत आली, याच्या दोन गटांच्या दोन रेषा काढल्या होत्या. एक रेषा खाली जायला हवी होती आणि दुसरी वर. दोन्ही खाली गेल्या होत्या, एकमेकींना खेटून. दुसऱ्या गटातली माणसंही दवाखान्यात परत येत नव्हती. कुणालाही आनंद व्हावा अशी गोष्ट. मी मात्र आकडे पुन्हा पहिल्यापासून तपासायला बसले.

सक्सेना सरांनी मला बोलावून फाइल पुढ्यात सरकवली. "रेवतीजी, ये क्या है?" ते चिडले नव्हते, तेही थकलेले दिसत होते. दोन्ही गट सारखेच बरे होत असतील, तर व्हिडिओवरच्या नर्सचा उपयोग काय, असं पैसे देणारे वरचे लोक म्हणणार. फोन बंद. सहा जणींच्या नोकऱ्या गेल्या, माझीही, आणि चारशेच्या वर माणसं पुन्हा आपल्या लोणच्या-पापडावर सोडायची. "किसी ने दूसरे ग्रुप को सलाह दी है," ते म्हणाले. "और दूसरे ग्रुप को फ़ोन एक ही इंसान करता है."

मी कुंदाताईंना विचारलं. कसं विचारलं ते आठवलं की अजून लाज वाटते. म्हणाले, "ताई, खरं सांगा. जुनी सवय असते माणसाला. कुणाला काही सांगितलंत का तुम्ही?"

त्यांचा चेहरा उतरला. आवाज मात्र चढला नाही. "एकतीस वर्षात मले एक मेमो नाही भेटला, रेवती. डॉक्टरनं चुकीचा डोस लिहिला तं त्याले जाऊन सांगणारी बाई मी. तू सांगतलं बोलू नोको, तं मी बोलली नाही. माहे ओठ शिवले मी. सगळे फोन टेप झालेले हायेत ना? आइक. सगळे आइक, अन् मंग मले इचार."

दोन वर्षांचे सगळे फोन ऐकणं शक्य नव्हतं; मी चिठ्ठ्या टाकून वीसेक माणसं निवडली आणि त्यांचे सगळे ऐकले. नऊ दिवस मी दुसरं काही केलं नाही. चूक सापडावी म्हणून ऐकत होते, हेही कबूल करते, कारण चूक त्यांची निघाली की माझी सुटका होती. एक शब्द सापडला नाही. प्रश्न जसेच्या तसे. दोन ठिकाणी 'ताबडतोब दवाखान्यात जा', तेही नियमाप्रमाणे. बाकी नुसतं थांबणं. लांबच लांब थांबणं, पलीकडे कुणाचा तरी श्वास, भांड्याचा आवाज, आणि मग माणूस हळूहळू खरं बोलायला लागायचा. पाचव्या-सहाव्या फोनपासून मात्र उत्तरं बदलत होती. 'वजन केलं नाही' म्हणणारे 'केलं, साठ भरलं' म्हणायला लागले होते. का, ते टेपवर नव्हतं.

दहाव्या दिवशी मी चिनहटला सरोजदेवींकडे गेले. बारीक चणीच्या, डोक्यावर पदर, मला खाटेवर बसवून स्वतः जमिनीवर बसल्या. वजनाचा काटा घरात नव्हताच. मी विचारलं, मग वजन कुठे करता?

"चक्की पे," त्या म्हणाल्या. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती. रोज सकाळी गिरणी उघडली की या जाऊन गव्हाची पोती तोलायच्या काट्यावर उभ्या राहायच्या. "पहले तो चक्कीवाला हँसता था, कि अम्मा, पिसवाओगी भी? अब खुद ही पर्ची पे लिख देता है."

"पण तुम्हाला हे करायला सांगितलं कुणी?" मी हिंदीत विचारलं.

"किसी ने नहीं. बहिनजी पूछती थीं न. हर पंद्रह दिन पे पूछती थीं, आज सुबह वज़न किया? कितनी बार 'नहीं' कहें? शरम आती थी. वो तो चुप रहती थीं, डाँटती भी नहीं थीं. फिर हमने सोचा, इतना पूछ रही हैं तो कर ही लेते हैं." मग पायावरची साडी थोडी वर करून नडगीवर अंगठा दाबून दाखवला. "ये भी उन्हीं के पूछने से सीखा. गड्ढा पड़े तो दवाई वाले डॉक्टर के पास चले जाते हैं. अचार भी अब बहू के हाथ में है."

चूक कुठे झाली ते स्वच्छ दिसत होतं. काही न देण्यासाठी काढलेले माझे प्रश्नच औषध झाले होते. मी ते कुणीतरी भराभर वाचून टाकेल या हिशोबानं लिहिले होते, आणि नियमात मात्र 'उत्तर येईपर्यंत थांबावं' असं लिहून ठेवलं होतं. तो नियम शब्दशः पाळणारी बाई मला भेटेल, हे माझ्या आराखड्यात बसलेलं नव्हतं.

सक्सेना सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, हे खरं असेल तर आराखडाच चुकला. आराखडा चुकला असेल तर काम तिथंच थांबतं, तसा वरचा नियम आहे. एखाद्या कर्मचाऱ्यानं नियम मोडला असं निघालं, तर तेवढा भाग गाळून पुन्हा करायला दोन वर्षांची मुदत मिळते. "लिख दीजिए कि इंटरव्यूअर ने सलाह दी थी. रिटायर्ड हैं, उनका क्या बिगड़ेगा?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हे मला तेव्हाच कळत होतं. तरी मी 'नाही' म्हणाले नाही. 'बघते' म्हणाले. आणि सरळ कुंदाताईंच्या घरी गेले. का गेले? त्यांनी चिडावं, मला चार शब्द सुनवावेत, म्हणजे मला नकार द्यायला बळ येईल, असं मी स्वतःला सांगत होते. कदाचित त्यांनीच 'लिही' म्हणावं म्हणूनही गेले असेन.

त्या भाजी निवडत बसल्या होत्या. मी सरोजदेवींचं सगळं सांगितलं. गिरणीच्या काट्याचं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच हसू फुटलं. "व माय! गव्हाच्या काट्यावर! बुढी हुशार हाय व." मग मी सक्सेना सरांचं बोलणं सांगितलं. त्यांनी भाजी निवडणं थांबवलं नाही.

"फोन बंद झाले तं त्याइले कोन इचारन?" त्या म्हणाल्या.

"कुणी नाही."

"अन् मुदत भेटली तं?"

"तर चालू राहतील."

"माह्या यादीतल्या लोकाइले नर्सचा फोन देशीन? पंधरा दिवसाचा नाही, खरा. दर आठवड्याचा."

"ते करता येईल. तो भाग गाळला की त्यांना द्यायला काही हरकत नाही."

"मंग लिही."

"ताई, तुमचं नाव..."

"माह्या नावाले काय दिवा लावाचा हाय आता? लिही म्हणते ना. फक्त एक सांगतो. मी चुकली नाही हे तुले मालूम असू दे. बाकी कोनाले नसलं तं चालन." एवढं बोलून त्यांनी पालेभाजी उचलली आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. चहा केला, मी प्याले. एकतीस वर्षांचं नाव एका चहाच्या वेळात त्यांनी माझ्या हातात ठेवलं, आणि मी ते घेतलं. नाही म्हणायचा धीर मला झाला नाही, हे मी कितीही दमलेली असले तरी खरं आहे.

मी लिहिलं. 'इंटरव्यूअर के. वानखडे यांनी दुसऱ्या गटातील रुग्णांना वेळोवेळी सल्ला दिल्याचे आढळले. त्यांना कामावरून कमी करण्यात आले आहे.' त्या सही करायला आल्या, चष्मा लावून दोनदा वाचलं, सही केली. बाकीच्या पाच मुली मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना खरंच वाटलं होतं की ताईंनी नियम मोडला. ताईंनी प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या.

मुदत मिळाली. त्यांच्या यादीतल्या माणसांना नर्सचे फोन सुरू झाले, ते वचन तेवढं मी पाळलं. नवा आराखडा केला, या वेळी शहाण्यासारखा. मी कुंदाताईंकडे पहिल्या महिन्यात दोनदा गेले, मग सणाला एकदा, मग त्यांचं घर जानकीपुरमातच असूनही नाही गेले. त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची, आणि लाजेला 'कामाचा फार ताण आहे' म्हणायला मी शिकले होते. त्यांनी कधी फोन करून बोलावलं नाही. एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा फक्त विचारलं, "माही गव्हाच्या काट्यावरची बुढी कशी हाय?" बरी आहे म्हटलं तर मान हलवून पुढे गेल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. चार दिवस ताप, मग न्यूमोनिया. मला नर्सांपैकी एकीनं कळवलं, तेही दोन दिवसांनी. मी घरी गेले तेव्हा निखिल दारातच उभा होता. मला बसायला दिलं, पाणी आणलं. ऑफिसमधून आलेली मी एकटीच होते. तो थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मौसी, एक बात पूछूँ? मम्मी ने आपके यहाँ क्या ग़लती की थी?"

मी म्हणाले, "त्यांनी काही सांगितलं नाही तुला?"

"यही बोलीं कि सलाह दे दी थी पेशेंट्स को, निकाल दिया. मैं बहुत चिल्लाया था उन पर. बोला, इस उमर में डॉक्टर बनने की क्या ज़रूरत थी? पूरी ज़िंदगी मुझे नियम सिखाती रहीं और आख़िर में ख़ुद ही..." त्यानं पाण्याचा पेला उगाच बाजूला सरकवला. "सुनती रहीं. एक बार भी नहीं बोलीं कि मैंने नहीं किया."

घरातसुद्धा बोलल्या नव्हत्या. पोटच्या पोराला नाही. मला वाटलं होतं, घरी तरी खरं सांगितलं असेल, एका माणसापाशी तरी मन मोकळं केलं असेल. मी त्याला सगळं सांगितलं, भाजी निवडण्यापासून सहीपर्यंत. तो रडला नाही. बँकेत काम करणारा पोरगा, ऐकून झाल्यावर म्हणाला, "ये आप लिखकर दे सकती हैं?"

मी म्हणाले, आत्ता दिलं तर फोन बंद होतील. मुदत संपू दे, मग देईन. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मराठीत बोलला. "चालेल. आईनं पण हेच सांगितलं असतं."

गेल्या महिन्यात मुदत संपली. फोनचं काम आता एका सरकारी दवाखान्यानं आपल्याकडे घेतलंय, नर्सांसकट. माझ्या लिहिण्यानं ते बंद पडणार नाही. गेलीच तर माझी नोकरी जाईल, आणि खरं सांगू, मला आता त्याची भीती वाटण्याइतकीही ताकद उरलेली नाही. याची एक प्रत निखिलला देणार आहे, एक सक्सेना सरांना, आणि एक त्या पाच मुलींना वाचून दाखवणार आहे.

कुंदा वानखडे यांनी आमच्या अभ्यासात एकही नियम मोडला नाही. चूक माझी होती, आणि खोटंही मीच लिहिलं.